एकच एनसी थिनर सगळ्या रंगांना: मिग-२१ आणि जाम झालेल्या एअरब्रशचं पूर्ण प्रकरण

कोथरूडचा एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एड्युअर्ड कंपनीच्या किटमधून मिग-२१ बिसचं १/४८ मापाचं प्लास्टिक मॉडेल बनवतोय, आपल्या वायुदलाच्या करड्या रंगात. आजोबा ओझरला एचएएलमध्ये होते, ही विमानं तिथेच बनायची, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा यानं ठरवलं की आजोबांना एक चांगलं मॉडेल करून द्यायचं. किट भारी, डेकल म्हणजे विमानावरच्या खुणांचे स्टिकर मागवलेले, कंप्रेसर एएस-१८६ म्हणजे तीन लिटरच्या टाकीवाला, एअरब्रश म्हणजे पेंट फवारायचं पेनासारखं साधन, तो १३० टाइपचा ड्युअल ॲक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की पेंट), ०.३ मिमी नॉझल. म्हणजे सामानात काहीच खोट नव्हती. आणि तरी त्याचा फोन आला तो असा, "दादा, ट्रिगर मागे ओढतोय पण पेंट येतच नाहीये, नुसती हवा येतेय, आणि आता तर बोट काढलं तरी हवा बंद होत नाहीये."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण असे फोन मला सारखे येतात, आणि दर वेळी मूळ तेच निघतं: बाटलीवर "थिनर" लिहिलंय म्हणजे तो कुठल्याही पेंटला चालेल अशी समजूत. इथे तर एकाच बाटलीनं तीन वेगवेगळी नुकसानं केली होती, ती एकाच टेबलावर बघायला मिळाली, त्यामुळे समजावून सांगायला याच्यापेक्षा चांगली केस मिळणार नाही.

आधी त्याच्याकडे काय काय होतं ते. पेंटमध्ये मिस्टर सरफेसर १२०० ची बाटली प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर म्हणून, करड्या छटांसाठी व्हॅलेहोचे मॉडेल एअर, टायर आणि बारीकसारीक गोष्टींसाठी टामियाचे एक्सएफ मालिकेतले ॲक्रिलिक, आणि काकांच्या जुन्या खोक्यात सापडलेल्या हम्ब्रॉलच्या दोन इनॅमल डब्या. म्हणजे चार पेंट आणि चारही वेगळ्या जातीचे. थिनर मात्र एकच, बोहरी आळीतनं आणलेला एक लिटर एनसी थिनर. आणि हात पुसायला, सुई पुसायला सॅनिटायझर.

दुकानदारानं त्याला खोटं काही सांगितलं नव्हतं हं. हा म्हणाला स्प्रे पेंटचा थिनर द्या, त्यांनी एनसी थिनर दिला, कारण गाड्या रंगवणारे आणि फर्निचरवाले तोच नेतात. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, त्या जातीच्या लॅकरसाठी बनवलेला थिनर. त्यात साधारण टोल्युइन किंवा झायलिन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट असल्या गोष्टींचं मिश्रण असतं, आणि कुठल्या कंपनीच्या डब्यात काय किती आहे याचा काही नेम नाही, त्याच दुकानातला पुढचा डबाही वेगळा निघू शकतो. लाकडाला आणि पत्र्याला त्यानं फरक पडत नाही. आपलं किट मात्र पॉलिस्टायरीनचं असतं आणि टोल्युइन आणि ॲसिटोन दोन्ही पॉलिस्टायरीन विरघळवतात. खात्री करायची असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर चार थेंब टाका, थर्माकोल हे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच आहे, डोळ्यासमोर खड्डा पडतो.

तर पहिलं नुकसान तिथे. प्रायमर त्यानं या एनसीमध्ये पातळ केला. आता मिस्टर सरफेसर हा लॅकर जातीचा, त्यामुळे तो एनसीमध्ये मिसळला, फाटला नाही, स्प्रेही झाला, आणि म्हणूनच त्याला वाटलं की सगळं बरोबर चाललंय. पण त्यानं जवळनं आणि ओला मारला, विशेषतः मागच्या आडव्या शेपटीवर. मी टेबललॅम्प बाजूनं धरून बघितलं तर एका बाजूच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं होतं आणि रिव्हेटच्या ओळीतले सगळ्यात बारीक ठिपके अर्धे बुजलेले. प्रायमर जाड बसला म्हणून बुजले असं त्याला वाटत होतं, पण बाजूच्या पंखावर त्याच प्रायमरखाली रिव्हेट कडक दिसत होते. म्हणजे प्लास्टिकच मऊ पडून वरचा तपशील बसला होता. हे पुसून निघत नाही, घासूनच काढावं लागतं आणि रिव्हेट परत मारावे लागतात.

दुसरं नुकसान नॉझलमध्ये, आणि एअरब्रश बंद पडला तो यानं. प्रायमर झाल्यावर त्यानं एअरब्रशच्या कपमध्ये एनसी टाकून थोडा उडवला, कप साफ दिसला, आणि सरळ व्हॅलेहो मॉडेल एअर ओतला. शिवाय पेंट घट्ट वाटला म्हणून वरून परत दोन-चार थेंब एनसी. सुई मागे घेऊन बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला करड्या रबराची एक लांब तार चिकटून आली, चिमट्यानं ओढली तर ताणली जात होती, तुटत नव्हती. नॉझलच्या आत तोच गोळा घट्ट बसलेला.

असं का होतं हे कळलं की बाकी सगळं आपोआप लागतं, म्हणून इथे जरा थांबतो. टामियाच्या ॲक्रिलिकमध्ये रेझिन, म्हणजे सुकल्यावर थर धरणारा पदार्थ, हे अल्कोहोल आणि तशाच सॉल्व्हंटमध्ये म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात विरघळलेलं असतं, पाण्याशीही जुळवून घेतं. व्हॅलेहोमध्ये तसं नाही, तिथे रेझिन विरघळलेलं नाहीच, पाण्यात अतिशय बारीक कण तरंगत ठेवलेत, इमल्शन म्हणतात त्याला. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा होतो, आणि एकदा झाला की परत पाण्यात विरघळत नाही. त्या कणांना वेगळं ठेवणारी व्यवस्था नाजूक असते. त्यात तिखट सॉल्व्हंट किंवा नुसतं अल्कोहोल ओतलं की दुधात लिंबू पिळल्यावर होतं तेच होतं, कण एकत्र येऊन गोळा. दोन्ही बाटल्यांवर "ॲक्रिलिक" लिहिलंय, दोन्ही ओले असताना पाण्यानं धुता येतात, पण टामियाला जे चालतं ते व्हॅलेहोला चालेलच असं अजिबात नाही. या एका गोष्टीवर जितके एअरब्रश जाम झालेत तितके दुसऱ्या कशानं झाले नसतील असं मला अगदी मनापासून वाटतं.

तिसरं नुकसान त्यानं सुधारायला गेल्यावर झालं. नॉझल जाम आहे म्हटल्यावर अख्खा एअरब्रश रात्रभर एनसीनं भरलेल्या बरणीत बुडवून ठेवला. पितळी बॉडीला त्यानं काही होत नाही, क्रोमलाही नाही, पण ट्रिगरखालच्या एअर व्हॉल्व्हमध्ये रबराचा ओ-रिंग असतो, तो ॲसिटोन-टोल्युइनमध्ये फुगतो. सकाळी व्हॉल्व्हची दांडी त्या फुगलेल्या रिंगमध्ये अडकलेली, म्हणून बोट काढलं तरी हवा चालूच. सुईभोवतीचं पॅकिंग मात्र टेफ्लॉनचं होतं, ते ठणठणीत. स्वस्तातल्या एअरब्रशमध्ये तेही कधीकधी रबराचं निघतं, तेव्हा विकत घेतानाच बघून ठेवा.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. ओ-रिंग नवीन टाकायला लागला, पर्याय नव्हता. नॉझल एवढासा असतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याचे आटे नाजूक, सोबत आलेल्या छोट्या पान्यानं हळू सोडवायचा. नुसता नॉझल, बाकी काही नाही, काचेच्या छोट्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकला. इथे ॲसिटोन चालतो कारण तो निव्वळ धातूचा तुकडा आहे, त्याच्यावर रबर नाही. गोळा मऊ पडला की मागच्या रुंद बाजूनं इंटरडेंटल ब्रशनं अलगद काढायचा. पुढून टाचणी घालायची नाही, नॉझलचं तोंड एकदा पसरलं की पेंट एका बाजूला थुंकतो आणि तो नॉझल फेकायच्याच लायकीचा राहतो. सुईचं टोक नखावर फिरवून बघितलं, वाकलेलं नव्हतं, नशीब.

एक गोष्ट त्यानं सुचवली ती मी थांबवली. कुठेतरी वाचलं होतं म्हणे की काच पुसायच्या लिक्विडनं एअरब्रश मस्त साफ होतो. होतो हे खरं, सुकलेला ॲक्रिलिक त्यातल्या अमोनियानं सुटतो. पण सगळ्या लिक्विडमध्ये अमोनिया असतोच असं नाही, लेबल वाचायला हवं, आणि ज्यात असतो त्यात पितळ भिजत ठेवायचं नाही. याला आपल्याकडचाच एक जुना दाखला आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांमध्ये साठवून ठेवायचे आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पितळी नळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या असायच्या. त्याला सीझन क्रॅकिंग असं नावच पडलं, आणि १९२१ मध्ये त्याचं कारण नीट मांडलं गेलं, घोड्यांच्या मुतातनं निघणारा अमोनिया आणि पितळ ओढून नळी करताना त्यात राहिलेला ताण. एअरब्रशवरून एकदा फडकं फिरवल्यानं असं काही होणार नाही, पण रात्रभर भिजवायची सवय लागली तर कशाला विषाची परीक्षा. पटकन वापरा आणि लगेच पाण्यानं धुवा, किंवा सरळ पेंटच्या कंपनीचा क्लीनर घ्या.

यानंतर मी त्याला जे करायला लावलं तेच या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं आहे. मॉडेलला हात लावायच्या आधी चिनीमातीची पॅलेट घेतली, नसेल तर स्टीलच्या वाट्या चालतील, प्लास्टिकच्या नकोत. प्रत्येक पेंटचे दोन थेंब आणि समोर प्रत्येक थिनरचे दोन थेंब, टूथपिकनं ढवळायचं आणि मिनिटभर बघत बसायचं. त्याच्याकडे नव्हत्या त्या बाटल्या मी माझ्या नेल्या होत्या.

व्हॅलेहो आणि एनसी, ढवळेपर्यंतच गोळा, नॉझलमध्ये काय झालं होतं ते त्याला उघड्यावर दिसलं. व्हॅलेहो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे आपलं आयपीए, इथे लगेच काही वाटत नाही, म्हणूनच ते जास्त फसवं, पण ढवळत राहिलं की घट्ट होत होत जेलीसारखं व्हायला लागतं आणि टूथपिकला तार धरते. व्हॅलेहो आणि साधं पाणी, मिसळतं छान, पण वाटी तिरकी केली की पेंट पसरायच्या ऐवजी थेंब थेंब होऊन आक्रसतो. व्हॅलेहो आणि त्यांचाच एअरब्रश थिनर, सलग पातळ थर, कडेपर्यंत एकसारखा.

टामियाचं वेगळं. आयपीएमध्ये झकास मिसळला, पण पटकन सुकायला लागला. पाण्यात मिसळला, पण तिथेही थेंब धरायची खोड आहेच. त्यांच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये व्यवस्थित. आणि मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरमध्ये तर सगळ्यात गुळगुळीत बसला, कारण त्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर आधीच घातलेला असतो. टामिया ॲक्रिलिक लॅकर थिनरमध्ये चालतो हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण चालतो, फक्त तो मॉडेलसाठी बनवलेला लॅकर थिनर हवा. त्या एनसीमध्ये आमचा टामिया कडेला दाणेदार झाला. दुसऱ्या डब्यातल्या एनसीत कदाचित झालाही नसता, आणि भरवसा ठेवता येत नाही तो याच कारणानं.

सरफेसर लेव्हलिंग थिनरमध्ये मस्त, आयपीएमध्ये गुठळ्या, पाण्यात तर बघायलाच नको. हम्ब्रॉल इनॅमलला टर्पेंटाइन, पेंटच्या दुकानात मिळतं ते एमटीओ, त्यात छान मिसळलं, आयपीएमध्ये वेगळं होऊन तरंगत राहिलं.

पोरगा बराच वेळ त्या पॅलेटकडे बघत होता, मग म्हणाला, "म्हणजे बाटलीवर ॲक्रिलिक लिहिलंय की इनॅमल यानं काही कळत नाही, आतलं रेझिन कशात धरलंय ते बघायचं." अगदी बरोबर. बाटलीचा फोटो काढून मला पाठवण्याऐवजी आता तो पहिल्यांदा दोन थेंब टाकून बघतो, आणि मला यानं खरंच आनंद झाला.

सॅनिटायझरबद्दल वेगळं सांगतो कारण कोविडनंतर घराघरात त्याचे कॅन पडलेत आणि "अल्कोहोलच आहे ना" म्हणून लोक वापरतात. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल किंवा ८० टक्के इथाइल अल्कोहोल, सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं. ते ग्लिसरॉल हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून असतं, आणि ते उडून जात नाही, मागे राहतं. प्लास्टिकवर किंवा सुईवर त्याचा चिकट थर राहिला की वरचा पेंट धरत नाही, डाग दिसतात. जेलवाल्या सॅनिटायझरमध्ये तर घट्ट करणारं आणखी काहीतरी असतं. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबी साफ करायला ९९ टक्क्यांचं आयपीए मिळतं, ते घ्या, शुद्ध असतं आणि मागे काही सोडत नाही.

आता काय ठरवलं ते. खर्चाचा विचार होताच, विद्यार्थी आहे, चारही कंपन्यांचे थिनर आणि क्लीनर घ्यायचे म्हणजे किटपेक्षा जास्त पैसे. त्यामुळे पहिला निर्णय पेंट कमी करायचा. हम्ब्रॉलच्या डब्या बाजूला, त्यातले रंग टामियात मिळतात. मग राहिल्या तीन जाती, त्यातल्या दोन एका बाटलीत भागतात: लेव्हलिंग थिनर सरफेसरलाही आणि टामियालाही. व्हॅलेहोसाठी त्यांचाच थिनर, इथे काटकसर करायची नाही. धुवायला व्हॅलेहोचाच क्लीनर, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर जे कुठल्याही पंपावर मिळतं, आणि ९९ टक्के आयपीए. त्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं आणि कपमध्ये पांढरे डाग पडत होते म्हणून डिस्टिल्ड, नळाचं पाणी मऊ असेल तर धुवायला तेही चालतं.

यात एक अडथळा आला. आयपीएनं टामिया फार लवकर सुकतोय म्हणून त्यानं ऑनलाइन एक्स-२०ए पण मागवला आणि आला एक्स-२०. बाटली जवळजवळ सारखी, फरक एका अक्षराचा, पण एक्स-२० हा टामियाच्या इनॅमलचा थिनर आहे, ॲक्रिलिकचा एक्स-२०ए. टामियाचीच तिसरी बाटली लॅकर थिनरची, ती आणखी वेगळी. परत पाठवायला लागला. ऑर्डर करताना नावाच्या शेवटचा तो "ए" नक्की बघा.

थिनर आणि क्लीनर ही दोन वेगळी कामं आहेत हेही त्याच्या डोक्यात गोंधळलेलं होतं. थिनरनं पेंट पातळ व्हायला हवा पण त्याची घडण टिकायला हवी, कारण तो मॉडेलवर जाऊन परत घट्ट बसायचाय. क्लीनरचं काम उलटं, तो पेंट मोडून काढतो. म्हणून व्हॅलेहोचा क्लीनर पेंटमध्ये थिनर म्हणून घालायचा नाही, आणि मिस्टर टूल क्लीनर तर इतका कडक आहे की तो प्लास्टिकच्या जवळही न्यायचा नाही. उलट दिशेनं मात्र चालतं, लेव्हलिंग थिनरनं सरफेसर धुतला तर काही बिघडत नाही, फक्त महाग पडतं. आणि इथे त्या एनसीला शेवटी काम मिळालं. लॅकर मारून झाल्यावर कप आणि सुई पुसायला, फडक्यावर घेऊन, तो उत्तम आहे. भिजवायचं नाही आणि मॉडेलवर न्यायचा नाही, एवढं पाळलं की तो एक लिटर वर्षभर पुरेल.

क्रम हा मुद्दा मी त्याच्याकडनं दोनदा करून घेतला. व्हॅलेहो संपला की आधी पाणी, पाणी कपमधनं स्वच्छ जाईपर्यंत. मग क्लीनर, कपमध्ये जरा थांबू द्यायचा, मग उडवायचा. मग सुई मागून काढून क्लीनर लावलेल्या टिश्यूवर फिरवत पुसायची, टोकाकडे ओढत, टोकाविरुद्ध नाही. परत पाणी. आणि मग शेवटी आयपीए, उरलेलं पाणी घेऊन जायला. आयपीए किंवा लॅकर थिनर ओल्या व्हॅलेहोवर आधी टाकला तर आतल्या आत तोच गोळा, पॅलेटवर दिसला तो. लॅकरवरून व्हॅलेहोवर जाताना पण तसंच, थिनरनं धुतल्यावर मध्ये आयपीए, मग पाणी, मगच पेंट. त्याच्या पहिल्या दिवशी नेमकी हीच मधली पायरी राहिली होती.

मग मॉडेल. शेपटीचा तो भाग बारीक सँडपेपरनं घासला, भेगा गेल्या, रिव्हेट सुईनं परत टोचले, जवळनं बघितलं तर कळतं पण हातभर अंतरावरून नाही. बाकी मॉडेलवर उडालेले व्हॅलेहोचे ठिपके आयपीएच्या कापसाच्या काडीनं हलक्या हातानं निघाले, खालचा प्रायमर बऱ्यापैकी टिकला. सरफेसर यावेळी लेव्हलिंग थिनरमध्ये, एकास दीड, हवेचा दाब साधारण १८ पीएसआय, लांबून पातळ थर, मधे थांबत. व्हॅलेहोमध्ये मॉडेल एअर तसाही बराच पातळ येतो, त्यात त्यांचा थिनर पाचास एक इतकाच. पेंट किती पातळ झालाय ते बघायला मी त्याला एक सोपी खूण दाखवली, कपच्या भिंतीवर पेंट वर ओढायचा आणि सोडायचा. मागे क्षणभर पारदर्शक थर राहून मग तो सरकत खाली आला तर बरोबर. भिंत लगेच कोरी झाली तर जास्त पातळ, पेंट कोळ्यासारखे पाय काढत पसरणार. थर जागचा हललाच नाही तर घट्ट, खरखरीत बसणार.

तरी एक अडचण राहिली, सुईच्या टोकावर पेंट सुकणं. दुपारी, पुण्याच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात, खिडकी उघडी, वर पंखा. इमल्शनचा पेंट त्या हवेत सुईच्या टोकावरच पापुद्रा धरतो आणि मग एकदम थुंकतो. इथे लोक आणखी थिनर ओततात, त्यानं उपयोग होत नाही, पेंट नुसता पाणचट होतो. थोडा फ्लो इम्प्रूव्हर, रिटार्डरचे एक-दोन थेंब, आणि दर थोड्या वेळानं क्लीनरमध्ये बुडवलेल्या ब्रशनं टोक पुसणं. फ्लो इम्प्रूव्हर पृष्ठताण कमी करतो, रिटार्डर सुकणं लांबवतो, दोघांची कामं वेगळी आहेत. त्यानं शेवटी वेळच बदलली, रात्री जेवणानंतर रंगवायला बसला, आणि निम्मा त्रास तिथेच गेला.

मुंबई-कोकणवाल्यांची अडचण उलटी. जुलैत लॅकर मारला तर थर पांढरट धुकट होतो, कारण थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. झपाट्यानं उडणारा एनसी तिथे आणखी वाईट, हळू उडणारा लेव्हलिंग थिनर बरा. धुकट झालाच तर नुसता लेव्हलिंग थिनर अगदी हलका वरून मारला की बऱ्याचदा परत साफ होतो. पाऊस धरलेला असेल त्या दिवशी लॅकर नकोच.

त्याच्या आईनं एक प्रश्न विचारला तो सगळ्यात महत्त्वाचा होता, "अरे, हा वास डोक्यात जातो, मास्क लावलाय ना यानं?" लावला होता, एन-९५. काकू, तो धुळीला आहे, वाफेला नाही, थिनरची वाफ त्यातनं सरळ आत जाते. वाफेसाठी वाफ शोषणारं काडतूस लावलेला हाफ फेस मास्क लागतो, ऑरगॅनिक व्हेपरचा, थ्रीएमचा ६२०० आणि त्याला ६००१ काडतूस हे सहज मिळतं. व्हॅलेहोला वास नसला तरी त्याचा तुषार फुप्फुसात जातोच, तेव्हा मास्क दोन्हीला, आणि तुषार नुसत्या काडतुसानं अडत नाही, त्यावर कणांचं फिल्टरही लागतं. आणि खोलीत देवघर होतं, समई लावलेली. आयपीएची वाफ साधारण १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, ॲसिटोनची तर शून्याच्या बरीच खाली, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जाते. आता तो गॅलरीत बसतो, तोंड बाहेर करून.

आणखी एक, एनसी त्यानं पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत काढून ठेवला होता, टेबलावर, बिनलेबलाचा. ती बाटली मी तिथल्या तिथे रिकामी करायला लावली, परत मूळ पत्र्याच्या डब्यात. घरात आजोबा आहेत, लहान भाचा येतो-जातो, आणि ती बाटली दिसायला पाण्याचीच. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. वापरलेला थिनरसुद्धा बेसिनमध्ये नाही, झाकणवाल्या काचेच्या बरणीत. काही दिवसांत रंग खाली बसतो आणि वरचा नितळ थिनर पहिल्या धुण्याला परत वापरता येतो. खालचा गाळ सुकू द्यायचा, उघड्या हवेत, लहान मुलं आणि ज्योत या दोघांपासून लांब, आणि मग घरगुती धोकादायक कचऱ्यात वेगळा द्यायचा.

सध्या मॉडेल करड्या रंगात पूर्ण आहे, आता डेकल लावायच्या आधीचा ग्लॉस म्हणजे पारदर्शक चकचकीत थर राहिलाय. त्याच्याकडे टामियाचा एक्स-२२ आहे, तो लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून मारला तर काचेसारखा बसतो, पण खाली व्हॅलेहो आहे, म्हणून ओला थर नाही, पातळ थर, आणि खालचा पेंट दोन दिवस सुकल्यावरच. त्यानं एका प्लास्टिकच्या चमच्यावर तोच सरफेसर, तोच व्हॅलेहो मारून ठेवलाय, एक्स-२२ आधी त्याच्यावर जाणार. चमच्यावर खालचा करडा रंग हलला नाही तर रविवारी विमानावर.